उचल न घेतलेले पहिले वर्ष : ऊसतोड कुटुंबातील मूल शाळेत टिकवण्यासाठी काय करावे

दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतील कित्येक वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपे लागू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पाण्याचे पिंप, कोपीसाठी (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीसाठी) चटया, दोन-चार कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेली मुले, असा सगळा संसार ऊसतोडीसाठी कोल्हापूर-सांगलीकडे, सोलापूरकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात रवाना होतो. तो परत येतो तो मार्च-एप्रिलमध्ये, साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. म्हणजे वर्षातील अर्ध्याहून अधिक शिक्षण ज्या काळात होते, नेमका तोच काळ मूल उसाच्या फडात असते.

अशाच एका गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षे शिकवले. शिक्षणाने घर वर येते, हे वाक्य मी पालकसभांमध्ये इतक्यांदा उच्चारले, की शेवटी एका बापाने हात वर करून विचारले, "गुरुजी, वर येतं ते खरं, पण कधी?" या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. पहिलीतल्या मुलाला नोकरी लागेपर्यंत पंधरा-सोळा वर्षे जातात, आणि मुकादमाची, म्हणजे तोडणीला मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराची, उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) तर याच आश्विनात घ्यायची असते. पुढे अनेक घरे जवळून पाहिल्यावर लक्षात आले, की शिक्षणाचा लाभ शेवटच्या पदवीपर्यंत थांबून राहत नाही; तो वाटेतच थोडा थोडा मिळू लागतो, मात्र तो मिळेल अशी व्यवस्था कुणीतरी बसून लावावी लागते. ती कशी लावावी, एवढेच पुढे सांगितले आहे. हे लिखाण गावातील शिक्षकांसाठी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी आणि घरात चार बुके शिकलेला जो चुलता, मामा किंवा शेजारी असतो त्याच्यासाठी आहे. उद्दिष्ट म्हणून "मुलाला साहेब करणे" डोळ्यांसमोर ठेवू नये. ते घर एका वर्षी उचल न घेता दिवाळी करू शकले, हे उद्दिष्ट ठेवावे.

आधी घराचा हिशेब

समजूत घालायला जाण्यापूर्वी ते मूल घरासाठी काय काम करते, याची नोंद करावी. आपण बहुतेक वेळा हे टाळतो आणि थेट उपदेशाला लागतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते. दहा-बारा वर्षांचे मूल कागदावर कोयत्यात नसते. परंतु पहाटे आई-बाप फडात गेल्यावर तान्ह्या भावंडाला सांभाळणे, दूरवरून पाणी आणणे, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करून बांधणे, बैलांपुढे चारा टाकणे आणि मोळीला हात लावणे ही सगळी कामे तेच करते. वाढे विकून रोजचा किराणा निघतो. म्हणजे मूल मागे ठेवा असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या बाईने तान्हे मूल फडाच्या बांधावर एकटे झोपवावे, असेही आपण नकळत सांगत असतो. ती नाही म्हणाली तर तिला शिक्षणाची किंमत कळत नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

म्हणून आई-बापासमोर बसून एका कागदावर दोनच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. या मुलाच्या वाट्याची कामे कोण करील? आणि जे काम कुणीच करू शकणार नाही, त्यापायी किती रुपये कमी पडतील? माझ्या अनुभवात खरी अडचण बहुधा एकाच कामापाशी येऊन थांबते, आणि ते म्हणजे लहान भावंड. त्यावर तोडगा काढता आला, म्हणजे धाकटे मूलही आजीजवळ राहिले, किंवा त्याच टोळीतील एखादी म्हातारी कोपीवर राहून चार घरांची मुले सांभाळायला तयार झाली, की मोठ्या मुलीची शाळा वाचते. जेथे तोडगा निघाला नाही, तेथे मी दिलेले एकही भाषण उपयोगी पडलेले नाही.

ही बोलणी कधी करावीत, हेही महत्त्वाचे आहे. दसऱ्याला जाऊन उपयोग नसतो, कारण तोवर उचल घेतलेली असते, ती मागच्या कर्जात, दवाखान्यात किंवा लग्नात खर्च झालेली असते आणि मुकादमाची गाडी ठरलेली असते. पोळ्याच्या सुमारास बोलावे. त्या वेळी घरातील माणसे गावात असतात, पिकाचा अंदाज आलेला असतो आणि किती उचल घ्यायची हा निर्णय अजून व्हायचा असतो. बोलणे आईशी आणि आजीशी करावे. बापाचा होकार लागतोच, पण मूल ज्या घरात मागे राहणार ते घर आजी चालवणार असते.

मूल राहणार कोठे

यासाठी साधारण तीन वाटा आहेत आणि मुलाचे वय पाहून त्यांतील एक निवडावी.

पहिली वाट म्हणजे हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृहाचे असले तरी प्रत्यक्षात मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपते, गावातल्याच शाळेत जाते, आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्याला सकाळचा नाश्ता व रात्रीचे जेवण मिळते; दुपारचे जेवण शालेय पोषण आहारातून मिळतेच. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी ही वाट मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्याची शाळा, शिक्षक आणि अंगण यांपैकी काहीच बदलत नाही. मात्र वसतिगृह मंजूर होण्यासाठी स्थलांतरित होणाऱ्या मुलांची यादी वेळेत वर जावी लागते. यादी उशिरा गेली तर मंजुरीही उशिरा येते, आणि तोवर टोळी निघून गेलेली असते. एका वर्षी आमच्याकडे मंजुरीचे पत्र आले तेव्हा यादीतील निम्मी मुले फडात पोहोचलेली होती. त्यानंतर आम्ही गणपतीपूर्वीच घरोघर फिरून यादी करू लागलो. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या पालकांमध्ये एखादी ऊसतोड करणारी आई असली, तर कोण कधी निघणार आहे हे तिला शिक्षकाच्या आधी कळते.

दुसरी वाट निवासी शाळेची. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी राज्य सरकारची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. मुलींसाठी, त्यांतही शाळा सुटलेल्या मुलींसाठी, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत. ही योजना २००४ पासून चालू आहे. पाचवीतल्या हुशार मुलाला जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसवावे; तेथे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. परंतु नवोदयच्या आशेवर बाकीचे पर्याय सोडू नयेत, कारण एका जिल्ह्यात जागा थोड्या आणि उमेदवार हजारो असतात.

तिसरी वाट सर्वांत अवघड आहे, ती म्हणजे मूल बरोबर गेले तर तेथल्या शाळेत त्याला घालणे. यासाठी निघण्यापूर्वी गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाची शैक्षणिक नोंद असलेले कार्ड) घ्यावे, त्याची एक प्रत आईकडे आणि एक मुलाच्या दप्तरात ठेवावी. कारखान्याच्या परिसरातील शाळेने "दाखला आणा, मग बघू" असे म्हटले, तर न भांडता एवढेच सांगावे, की १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाचा प्रवेश दाखल्याला उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही, आणि वर्षाच्या मध्यावरही प्रवेश द्यावा लागतो. तरीही अडचण आली तर त्या भागातील केंद्रप्रमुखांना गावच्या मुख्याध्यापकांनीच फोन करावा. शिक्षकाने शिक्षकाशी बोललेले लवकर पचते. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत असत. त्यांनी बरेच काम केले, पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलली की तेथलेही मूल गळायचे. म्हणून शक्य असेल तोवर मूल गावातच ठेवावे, असे माझे मत झाले आहे.

कागद, आणि एक जूनची गोष्ट

आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा आहे. जन्मनोंद नसायची, आई सांगायची, "दुष्काळाच्या आदल्या साली, पेरणीच्या टायमाला," आणि गुरुजी शाळेला सोयीची तारीख लावून मोकळे व्हायचे. हसण्यासारखी गोष्ट वाटते. पण ही नोंद त्या कुटुंबाच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहते.

गरीब घरातून पहिल्यांदा शाळेत आलेले मूल केवळ स्वतःपुरते शिकत नाही, तर ते त्या घराचा पहिला सरकारी पुरावा तयार करत असते. जातीचा दाखला काढताना ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा मागितला जातो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्याचे आजोबा किंवा चुलत आजोबा दोन इयत्ता का होईना शाळेत गेले, त्याला त्या शाळेचा निर्गम उतारा (शाळा सोडल्याच्या नोंदीची प्रत) मिळतो आणि काम सोपे होते. ज्यांच्या घरात त्या काळी कुणीच शाळेत गेले नाही, त्यांना महसुली नोंदींच्या मागे वर्षभर हिंडावे लागते. भावकीतला एक जण शिकला तर दहा घरांचे दाखले निघतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच पुढील कामे पहिलीच्या प्रवेशावेळीच उरकावीत.

अनेक मुले हंगामात, कारखान्याच्या भागात जन्मतात. त्यामुळे जन्माची नोंद त्या भागातील ग्रामपंचायतीत किंवा रुग्णालयात असते आणि गावी आल्यावर ती कुणाच्या लक्षात राहत नाही. नोंद २१ दिवसांच्या आत विनासायास होते. ज्या बाईचे दिवस हंगामात भरणार असतील, तिच्या घरच्यांना हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे आणि दाखला बरोबर घेऊनच परतायला लावावे. आधार कार्ड, जन्मदाखला आणि शाळेचे रजिस्टर या तिन्हींवर मुलाचे, वडिलांचे आणि आईचे नाव अक्षरशः सारखे आहे का, ते स्वतः ताडून पाहावे. एकीकडे "लक्ष्मण" आणि दुसरीकडे "लखन", एवढ्या फरकावरून एका मुलाची शिष्यवृत्ती वर्षभर अडकलेली मी पाहिली आहे. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होऊ शकते. दहावीचे प्रमाणपत्र हातात आल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते. बँकेत खाते मुलाच्या नावाने उघडावे, ते आधारशी जोडावे आणि वर्षातून एकदा तरी त्यावर व्यवहार करावा, नाही तर खाते बंद पडते आणि नेमके पैसे येण्याच्या वेळी ते लक्षात येते. हे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजीच्या पेटीत ठेवावेत, टोळीबरोबर पाठवू नयेत. कोपीला आग लागण्याचे आणि अवकाळी पावसात सगळे भिजण्याचे प्रसंग दर हंगामात घडतात.

परतलेल्या मुलाला वर्गात बसवण्यापूर्वी

मूल गेलेच, तर ते मार्चमध्ये परत येते तेव्हा त्याला सरळ त्याच्या इयत्तेच्या पुस्तकासमोर बसवू नये. पाचवीतले मूल असेल, पण गोष्ट वाचता येते का, परिच्छेद वाचता येतो का, शब्द वाचता येतात का, की अक्षरांपाशीच अडकते, हे पाच मिनिटांत तोंडी पाहता येते. जेथे ते थांबते तेथून सुरुवात करावी. प्रथम या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने हीच पातळीनिहाय शिकवण्याची रीत देशभर नेली. रोज दोन तास, इयत्ता विसरून, सारख्या पातळीच्या मुलांना एकत्र बसवले तर महिना-दीड महिन्यात बरीच मुले शब्दांवरून परिच्छेदावर येतात. उन्हाळ्याची सुट्टी यासाठी वापरावी. गावात बारावी झालेली एखादी मुलगी हे काम शिक्षकाइतकेच चांगले करते.

राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, आणि पुनर्परीक्षेतही मूल अनुत्तीर्ण झाले तर त्याला त्याच वर्गात ठेवले जाते. फडावरून परतलेल्या मुलाला हा नियम सर्वाधिक लागतो. वर्ष मागे पडलेला तेरा वर्षांचा मुलगा लहान मुलांमध्ये बसायला लाजतो आणि पुढच्या हंगामात कोयता धरतो. म्हणून या दोन इयत्तांतील मुले तरी कोणत्याही परिस्थितीत मागे राहतील, म्हणजे गावातच राहतील, असे पाहावे.

हिशेबाची वही

त्या बापाच्या "कधी?" या प्रश्नाचे पहिले उत्तर मला एका सहावीतल्या मुलीने दिले. तिने वडिलांच्या खिशातील वजनपावत्या आणून माझ्यासमोर पसरल्या आणि विचारले, "सर, यातलं निव्वळ म्हणजे काय?" त्या दिवशी गणिताचा तास पुस्तकाविना झाला. भरलेल्या गाडीचे वजन ३.९२० टन, रिकाम्या गाडीचे १.४४० टन, म्हणजे ऊस २.४८० टन. दर टनाला ३६० रुपये धरला तर त्या खेपेचे झाले ८९२ रुपये ८० पैसे. मग फळ्यावर मोठे उदाहरण मांडले: उचल एक लाख रुपये असेल तर ती फेडायला किती टन ऊस तोडावा लागेल? भागाकार आला सुमारे २७८ टन. रोज दोन टन तोडला तर १३९ दिवस. वर्गात एकदम शांतता पसरली, कारण हंगाम साधारण तेवढाच चालतो हे प्रत्येक मुलाला ठाऊक होते. म्हणजे आई-बाप सगळा हंगाम केवळ आधीच खर्च झालेले पैसे फेडत असतात. आजारपणाचे खाडे पडले की बाकी राहते, आणि ती बाकी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे नेते.

तेव्हापासून मी चौथीच्या वरच्या प्रत्येक ऊसतोड मुलाला एक वेगळी वही ठेवायला लावले. पहिल्या पानावर उचल किती, कोणत्या तारखेला, कुणासमोर घेतली, ते लिहायचे. पुढे प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, वजन, खाडा, आणि मध्ये घेतलेले पैसे किंवा किराणा. मूल गावात राहिले असेल तर बाप आठवड्यातून एकदा फोनवर आकडे सांगतो आणि मूल लिहून घेते. यामुळे आणखी एक गोष्ट साधते, ती म्हणजे आई-बापाचा आणि मुलाचा दर आठवड्याला एक विषय ठरलेला राहतो. हंगाम संपल्यावर मुकादमाचा हिशेब आणि ही वही शेजारी ठेवून पाहायची. फरक निघालाच तर तो मोठ्या माणसाने, टोळीतील चार जणांना बरोबर घेऊन, शांतपणे विचारावा. मुलाला वही घेऊन मुकादमासमोर उभे करू नये. त्याचा राग त्या घरावर निघू शकतो, आणि पुढच्या वर्षी उचल नाकारली गेली तर दोष शिक्षणाला लागतो. वहीमुळे प्रत्येक घराचे पैसे वाचतातच, असा माझा दावा नाही. परंतु किती उचल आपल्याला फेडवते, हा आकडा घरात पहिल्यांदा ठरतो. काही घरांनी पुढच्या वर्षी गरजेपुरतीच उचल घेतली. मुलीच्या शाळेचा त्या घराला झालेला तो पहिला लाभ, आणि त्यासाठी तिला दहावीही व्हावे लागले नाही.

आठवीनंतरचा उतार

कायद्याचे मोफत आणि सक्तीचे संरक्षण १४ व्या वर्षी, म्हणजे साधारण आठवीला संपते. शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच असतो. नववीची शाळा बहुधा दुसऱ्या गावी असते, आणि मुलगा आता पुरता कोयता धरण्याजोगा झालेला असतो. इथे घर एका पैशाच्या बळावर टिकू शकते, तो पैसा म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा होते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावे लागते. निवासाची सोय असलेल्या शासकीय शाळांतील मुले यात बसत नाहीत, हे निवासी शाळा निवडतानाच लक्षात घ्यावे. सातवीच्या गुणांचीही अट असते. पेपर दोन असतात, बौद्धिक क्षमतेचा आणि शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० गुणांचे. बौद्धिक क्षमतेच्या पेपरात आमची मुले पहिल्या प्रयत्नात गांगरतात, कारण आकृत्यांचे प्रश्न त्यांनी कधी पाहिलेलेच नसतात. सातवीच्या उन्हाळ्यापासून आठवड्याला दोन तास सराव दिला की पुरते. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा आणि शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, हे आईला सांगून ठेवावे.

मुलींच्या बाबतीत हा उतार अधिक निसरडा आहे. वयात आलेली मुलगी कोपीत ठेवायची भीती आणि गावात मागे ठेवायचीही भीती, या दोहोंमध्ये सापडलेले आई-बाप तिचे लग्न उरकतात. शिवाय लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि त्या कोयत्यावर नवी उचल मिळते. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले. राज्याचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. ही भीती खरी आहे, तिला अडाणीपणा म्हणून झटकू नये. मुलीला राहायला सुरक्षित जागा मिळाली, की लग्नाचा विषय आपोआप मागे पडतो. म्हणून सातवीतच तिच्यासाठी वसतिगृह पाहावे. लग्न ठरल्याचे कळलेच, तर २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे, गावचा ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे. मात्र पोलीस दारात येण्यापेक्षा अंगणवाडी सेविका आणि मुलीची आजी यांनी आधी घरात बोललेले मला नेहमी अधिक उपयोगी पडले आहे.

दहावीनंतर कोणती वाट

येथे एक चूक वारंवार होते. घरातला थोरला मुलगा कलाशाखेत जातो, पदवी घेतो, पुढे भरतीच्या तयारीसाठी शहरात खोली घेऊन राहतो, आणि त्याच्या खोलीच्या भाड्यासाठी आई-बापाची उचल वाढत जाते. धाकट्या बहिणीची शाळा त्यात सुटते. सगळे पैसे एकाच मुलावर लावू नयेत. ज्या घरावर उचल आहे, त्या घरातील पहिल्या मुलाने लवकर हाताला काम देणारे शिक्षण घ्यावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे: औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री किंवा जोडारी, मुलींसाठी परिचारिकेचा अभ्यासक्रम, किंवा तंत्रनिकेतनातील पदविका. पदवी नंतर नोकरी करतानाही घेता येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून "कमवा आणि शिका" ही रीत आपल्याकडे रुळलेली आहे, आणि कित्येक महाविद्यालयांत आजही ती योजना चालते. प्रवेश घेताना तिची चौकशी जरूर करावी.

शुल्काची भीती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढला. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. ते सेवा केंद्रावर भरताना मुलाने स्वतः शेजारी बसावे आणि परवलीचा शब्द आपल्या वहीत लिहून घ्यावा. केंद्रवाल्याच्या मोबाइल क्रमांकावर भरलेला अर्ज पुढच्या वर्षी उघडता येत नाही.

पहिला पगार आला की तो कसा वाटायचा, हेही आधीच ठरवावे. मी पाहिलेल्या घरांपैकी जी सावरली, त्यांनी पहिली दोन वर्षे घर बांधायला किंवा गाडी घ्यायला हात घातला नाही. पगारातून आधी मुकादमाची बाकी मिटवली, आणि धाकट्या भावंडाच्या वसतिगृहाची सोय लावली. वजनपावत्या घेऊन माझ्याकडे आलेल्या त्या मुलीच्या घरी पहिल्या वर्षी आई घरी राहिली आणि बाप एकटा अर्ध्या कोयत्यावर गेला. दुसऱ्या वर्षी पोळ्यानंतर मुकादम आला, ओसरीवर बसला, चहा झाला. ती मुलगी आता तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिका आहे. त्या दिवशी ती रात्रपाळी करून घरी झोपली होती. आईने आतून तिची जुनी वही आणून नवऱ्याच्या हाती दिली. शेवटच्या पानावर बाकीच्या रकान्यात शून्य होते. बापाने ते पान मुकादमाला दाखवले आणि औंदा दुसरा कोयता बघा म्हणून सांगितले.